दुखणे हजेरीचे, औषध पोराला



दर आठवड्याला या पानावर आपण पिकाचे, मातीचे आणि गुराढोरांचे बोलतो. आज घरातल्या रोपाचे बोलू. तुम्ही म्हणाल, हा शेतकीचा साहेब पोरांच्या सर्दी-खोकल्यात कुठे शिरला? मी डॉक्टर नव्हे, हे खरे. पण औषध कधी मारावे, किती मारावे आणि हात कधी आवरावा, हे सांगण्यातच माझी सारी नोकरी गेली. एके काळी कपाशीच्या वावरात जे चालले, तेच आज आपल्या घराघरांत लेकरांच्या औषधाबाबत चालले आहे. म्हणून हा विषय घेतला.

कापूस वेचणीचे दिवस आहेत असे धरा. घरात तीन-चार वर्षांचे पोर आहे, ते अंगणवाडीत जाते. एका रात्री त्याचे नाक वाहू लागते, अंग कोमट लागते, खोकल्याने झोप मोडते. सकाळी आई त्याला अंगणवाडीच्या दारात नेते, तर सेविकाताई म्हणते, "बाई, याला बरे वाटले की आण. बाकीच्या पोरांना लागेल." तिचेही चूक नाही. वीस-पंचवीस लेकरे तिला सांभाळायची असतात. तालुक्याच्या गावी खाजगी बालवाडी असेल तर नियम आणखी कडक. डॉक्टरची चिठ्ठी दाखवा, औषध सुरू झाले म्हणून सांगा, मगच पोर आत.

इकडे वेचणीचे काम थांबत नाही. बाई घरी बसली की तिची हजेरी बुडते. दोन दिवस बुडली तर मुकादम तिच्या जागी दुसरीला घेतो. घरचीच शेती असली तरी फुटलेला कापूस वाऱ्या-पावसाची वाट बघत नाही. मग संध्याकाळी ती पोराला काखेत घेऊन दवाखाना गाठते, नाहीतर थेट औषधाच्या दुकानात जाते आणि म्हणते, "साहेब, जरा पावरचे द्या. उद्या पोर अंगणवाडीत गेले पाहिजे."

हे वाक्य नीट ऐका. ती पोराचे दुखणे सांगत नाही, उद्याच्या हजेरीचे सांगते आहे. आपल्यात म्हण आहे, दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला. इथे दुखणे हजेरीचे आहे आणि औषध मात्र पोराच्या पोटात जाते. आजच्या लेखाचे सार एवढेच आहे. बाकी आहे तो त्याचा उलगडा.

हे आपल्याच गावात नाही

कोणी म्हणेल, आपण अडाणी म्हणून असे होते. तसे मुळीच नाही. इंग्लंडला लागून असलेल्या वेल्स या देशात संशोधकांनी पाळणाघरात जाणाऱ्या मुलांच्या आईबापांशी बोलून हाच प्रश्न तपासला. तो अभ्यास २०१४ साली छापून आला. तिथले आईबाप शिकलेले, दवाखाना सरकारी आणि फुकट. तरीही हेच दिसले. पोर आजारी पडले की पाळणाघर घेत नाही, आईबापांना नोकरीवर जायचे असते. म्हणून पोर लवकर परत जावे यासाठी ते डॉक्टरकडे धाव घेतात आणि अँटिबायोटिक मिळते का पाहतात. पाळणाघरांच्या लेखी नियमांतील काही नियम तर तिथल्या आरोग्य खात्याच्या सल्ल्याशीच जुळत नव्हते.

म्हणजे आई-बाप तिथले असोत की इथले, अडचण तीच. तेव्हा या लेखात कोणाही आईला दोष द्यायचा नाही. वाट मात्र बदलायची आहे.

हे औषध नेमके कशावर चालते?

अँटिबायोटिकला आपल्या पुस्तकी भाषेत प्रतिजैविक म्हणतात. गावात कोणी पावरची गोळी म्हणते, कोणी कडक औषध. हे औषध जिवाणूंना मारते. विषाणूंवर ते चालत नाही. पोरांची सर्दी, नाक गळणे, बहुतेक खोकले, बहुतेक घसा दुखणे आणि बरेचसे डोळे येणे हे विषाणूंचे काम असते.

शेतातला दाखला घ्या. भेंडीवर केवडा पडला, पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या, की तो विषाणूचा रोग. त्यावर जिवाणूनाशक कितीही मारले तरी झाड हिरवे होत नाही. पैसा गेला, मेहनत गेली, केवडा तिथेच. पोराच्या सर्दीवर अँटिबायोटिक देणे म्हणजे हीच फवारणी.

"पण साहेब, गेल्या वेळी दिले आणि दोन दिवसांत पोर खेळायला लागले," असे कोणी म्हणेल. त्याचे कारण ऐका. साधी सर्दी पहिले तीन-चार दिवस जोरात असते आणि आठ-दहा दिवसांत आपोआप जाते. खोकला मागे रेंगाळतो, कधी दोन-तीन आठवडेही राहतो. आपण औषध कधी आणतो? तिसऱ्या दिवशी, म्हणजे दुखणे उतरणीला लागण्याच्या बेतात असते तेव्हा. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि मान कावळ्याला मिळतो. नाकातला शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे औषध लागतेच, हाही गैरसमज आहे. साध्या सर्दीतही तो तसा होतो.

दुसरी गोष्ट. पोर अंगणवाडीत जाऊ लागले की पहिल्या वर्षात ते वरचेवर आजारी पडते. लहान लेकराला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणे ही नेहमीची गोष्ट आहे. चार पोरांत बसणाऱ्याला त्याहून जास्त वेळाही होते. याने घाबरू नका आणि अंगणवाडी सोडवू नका. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या टुसान शहरी मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला गेला. २००२ साली छापलेल्या त्याच्या निष्कर्षात असे दिसले की मोठ्या पाळणाघरात गेलेल्या मुलांना दुसऱ्या वर्षी सर्दी जास्त झाली, पण शाळेच्या वयात तीच मुले इतरांपेक्षा कमी वेळा सर्दीने आजारी पडली. लागवडीआधी रोपाचे पाणी तोडून, त्याला ऊन दाखवून आपण ते कणखर करतो ना, तसेच हे समजा.

बोंडअळीने शिकवलेला धडा

आता कोणी विचारेल, उपयोग नाही तर नाही, पण दिले म्हणून बिघडले काय? याचे उत्तर कपाशीवाल्यांना माहीत आहे.

१९८०च्या सुमारास कपाशीवर सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधे आली. पहिल्या फवारणीत अळ्या पटापट पडत. मग अळी दिसो न दिसो, शेजाऱ्याने मारले म्हणून आपणही मारायचे, असा पायंडा पडला. १९८७-८८च्या हंगामात आंध्र प्रदेशाच्या किनारी जिल्ह्यांत अमेरिकन बोंडअळी या औषधांना दाद देईनाशी झाली आणि कपाशी हातची गेली. पुढे २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. काही वर्षे बरी गेली. पण २०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यात बीटीच्या बोंडांतच घर केले. बोंड वरून हिरवेगार आणि फोडले की आत अळी, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

अळी औषध पिऊन शहाणी होत नाही. हजारांत एखादी जात्याच चिवट असते. आपण सारखे तेच औषध मारतो तेव्हा बाकीच्या मरतात, ती उरते आणि तिचीच पिलावळ वाढते. जिवाणूंचेही तसेच होते. पोराच्या आतड्यात, नाकात, घशात असंख्य जिवाणू असतात. नको असताना औषध दिले की कमजोर मरतात आणि चिवट उरतात. फवारणीत जसे ढालकिडे आणि क्रायसोपा हे आपले मित्रकिडे मरतात, तसे पोटातले उपयोगी जिवाणूही मरतात. अँटिबायोटिक सुरू केल्यावर पुष्कळ पोरांना जुलाब लागतात, त्यामागे हेही एक कारण असते.

आणि ते चिवट जिवाणू एका पोरापुरते राहत नाहीत. ज्या अंगणवाडीत सर्दी एकाकडून दुसऱ्याकडे जाते, तिथे तेही जातात. एका वावरातली चिवट अळी बांध ओळखत नाही.

पेनिसिलिनचा शोध १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी लावला. १९४५ साली नोबेल पारितोषिक घेताना केलेल्या भाषणात त्यांनीच इशारा दिला होता की अपुरी मात्रा घेतल्याने जंतू औषधाला सरावतील. तसेच झाले. जगभरचा हिशेब मांडणाऱ्या संशोधकांच्या अंदाजाप्रमाणे २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट १२ लाख ७० हजारांच्या आसपास माणसे दगावली.

आपण शेतकरीही यातून सुटलेले नाही. कोंबड्यांच्या खाद्यात कोलिस्टिन हे अँटिबायोटिक सर्रास घालत. माणसाच्या अखेरच्या उपचारासाठी राखून ठेवण्याजोगे ते औषध. म्हणून २०१९ साली केंद्र सरकारने खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत त्याच्या वापरावर बंदी घातली. डाळिंबाच्या तेल्या रोगावर जे स्ट्रेप्टोसायक्लीन मारतात, त्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन ही माणसाचीच औषधे असतात. शेतीतला त्यांचा वापर बंद करण्याचा मसुदा सरकारने २०२१च्या डिसेंबरात काढला. औषध एकच आहे, मग ते डाळिंबावर जावो, कोंबडीत जावो की पोरात. उधळले तर सगळ्यांचेच संपते.

मग औषध कधी? आधी मोजा

अँटिबायोटिक वाईट नव्हे. वेळेवर मिळाले तर ते मरणाच्या दारातून पोर परत आणते. न्यूमोनिया झालेल्या लेकराला ते मिळालेच पाहिजे, आणि त्या दिवशी ते लागू पडले पाहिजे. त्या दिवसासाठीच ते राखायचे आहे.

गुलाबी बोंडअळीसाठी आपण कामगंध सापळे लावतो. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग सापडले तरच फवारा, असे मी तुम्हाला सांगतो. त्याला आपण नुकसानीची पातळी म्हणतो. मोजल्याशिवाय पंपाला हात लावायचा नाही. पोराच्या खोकल्यातही अशी मोजणी आहे, ती श्वासाची.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच माणसांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवले. त्यामुळे बालमृत्यू घटले, हे त्यांनी १९९० साली जगापुढे मांडले. जे त्यांना जमले ते तुम्हालाही जमेल.

पोर शांत असताना किंवा झोपलेले असताना त्याचे पोट-छाती उघडी करा. घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. छाती एकदा वर आली की एक. पोर रडत असेल तर थांबा, शांत होऊ द्या, मग मोजा.

दोन महिन्यांच्या आतले बाळ असेल आणि श्वास ६० किंवा जास्त भरले, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या पोराचे ४० किंवा जास्त, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. तो साधा खोकला नव्हे.

श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळे पडत असतील, पोर अंगावर पीत नसेल किंवा पाणीही घेत नसेल, घेतलेले सगळे ओकत असेल, फिट आली असेल, किंवा हाक मारली तरी मरगळून पडत असेल, तर घड्याळ बघत बसू नका. १०८ ला फोन लावा आणि मोठा दवाखाना गाठा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला तरी दवाखानाच. यातले काही नसले तरी ताप तीन दिवसांत उतरला नाही, कान दुखून वाहू लागला किंवा पोर बरे होता होता पुन्हा बिघडले, तर डॉक्टरांना दाखवा.

मोजणी जमत नसेल तर आशाताईला बोलवा. तिला हे शिकवलेले असते.

आणि मोजणीत काही निघाले नाही, पोर खाते-पिते, खेळते आहे, तर? कोमट पाणी, पेज, वरण-भात, अंगावरचे दूध चालू ठेवा. नाक चोंदले तर मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब मिळतात ते घाला. एक वर्षावरच्या पोराला अर्धा चमचा मध चालतो, वर्षाच्या आतल्याला मध मुळीच देऊ नका. खोकल्याची औषधे मनाने आणू नका. २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडे विषारी निघालेल्या खोकल्याच्या औषधाने लेकरे गेली. त्या वेळी केंद्राच्या आरोग्य खात्याने सांगितले की सर्दी-खोकल्याची अशी औषधे दोन वर्षांच्या आतल्या मुलांना देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा वापरू नयेत.

डॉक्टरांपुढे काय बोलावे

"पावरचे द्या" हा शब्द सोडा. रुग्णाने मागितले म्हणून पुष्कळदा डॉक्टरही लिहून देतात. न दिले तर हा दुसरीकडे जाईल, असे त्यांना वाटते. त्याऐवजी विचारा, "डॉक्टरसाहेब, याला अँटिबायोटिक खरेच लागते का? न देता दोन दिवस वाट पाहिली तर चालेल का? कशावर लक्ष ठेवू?" एवढे विचारले तर चांगल्या डॉक्टरला आनंदच होतो.

दिले तर मग ठरवून दिलेली मात्रा, ठरलेल्या वेळी, ठरलेले दिवस. अर्ध्यात सोडून बाटली फळीवर ठेवायची नाही. पाणी घालून तयार केलेले पातळ औषध थोडेच दिवस टिकते. उरलेले पुढच्या सर्दीला किंवा जावेच्या पोराला देऊ नका. गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये, ही त्याची खूण आहे. साध्या जुलाबालाही अँटिबायोटिक नको. ओआरएसचे पाणी आणि चौदा दिवस झिंकच्या गोळ्या, हे खरे औषध.

हजेरीचे दुखणे हजेरीनेच बरे होईल

आता मूळ दुखण्याकडे येऊ. आईची हजेरी बुडू नये आणि पोराच्या पोटात नको ते औषध जाऊ नये, यासाठी काय करता येईल?

पहिले, अंगणवाडीत पालकांची बैठक घ्या आणि सेविकाताई, आशाताई, उपकेंद्राच्या नर्सबाई यांना बसवून नियम ठरवा. नुसते नाक गळते, थोडा खोकला आहे, पण पोर खेळते-खाते, तर त्याला येऊ द्यावे. ताप, धाप, वारंवार उलट्या-जुलाब किंवा अंगावर पुरळ आणि ताप असेल तर घरी ठेवावे. गोवर असेल तर पुरळ उठल्यापासून निदान चार दिवस घरीच. २०२३च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे आले होते, तेव्हा घरोघर थेंबांच्या बाटल्या आल्या. अशा साथीतले डोळे बहुधा विषाणूने येतात आणि आपोआप बरे होतात. अशा वेळी हात धुणे आणि टॉवेल वेगळा ठेवणे जास्त कामाचे. "औषध सुरू केले का?" हा प्रश्न दारात विचारायचाच नाही. "पोर कसे आहे?" हा विचारायचा.

दुसरे, पोर दोघांचे आहे. दर वेळी आईनेच का थांबायचे? एक दिवस बापाने थांबावे. आजी थकलेली असते, आणि थोरल्या बहिणीची शाळा बुडवून तिला पोर सांभाळायला बसवणे हा तर मोठाच तोटा.

तिसरे, बचत गटात पाळी लावा. दहा जणींचा गट असेल तर आजारी पोर असलेल्या घरी एकीने अर्धा दिवस बसावे. सुगीत आपण सावड करतोच, तीच सावड पोरासाठी करा.

चौथे, जे शेतकरी मजूर लावतात त्यांना सांगतो. बाईचे पोर आजारी असेल तर दोन दिवसांनी तिचे काम तिला परत द्या. झाडाखाली झोळी बांधू द्या, मधे पोराला पाजायला जाऊ द्या. तुमच्या वावरात काम करणारी आई घाईघाईने पावरची गोळी मागते, त्यात आपलाही वाटा असतो.

पैशाचाही हिशेब मांडा. समजा रोज ३०० रुपये आहे. तो वाचवायला एसटीचे भाडे, तपासणी आणि औषध मिळून ४०० गेले, आणि पोर तरी चौथ्या दिवशीच खेळू लागले, तर वाचले काय?

शेवटचे म्हणजे बीजप्रक्रिया. पेरणीआधी बियाण्याला औषध चोळले की पुढच्या फवारण्या वाचतात. लेकरांची बीजप्रक्रिया म्हणजे लस. न्यूमोनियाची पीसीव्ही लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात फुकट मिळते. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा तिच्या वेळा आहेत. सोबत पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध, जेवणाआधी साबणाने हात धुणे, आणि चुलीच्या धुरात पोर न बसवणे. धुराने न्यूमोनियाचा धोका वाढतो.

हा अंक वाचून झाला की अंगणवाडीत नेऊन द्या आणि घरातल्या पोराचे श्वास एकदा ते बरे असतानाच मोजून पाहा. हात बसलेला असला म्हणजे अडीअडचणीला रात्री घोटाळा होत नाही.

पुढच्या आठवड्यात हरभऱ्यावरच्या घाटेअळीचे बोलू. तिथेही आधी मोजायचेच आहे.